धुऱ्यावरची वाट

चालणं ही गोष्ट आपल्या पिढीने फारच सिरियसली घेतलीय. मनगटावर बँड, फोनमध्ये अ‍ॅप, आणि रात्री अकराला ‘अजून बाराशे स्टेप्स बाकी आहेत’ म्हणत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरणारे आपण! हा दहा हजार पावलांचा फंडा आला कुठून, ठाऊक आहे? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, नाव तोंडात बसलं, झालं. संशोधन वगैरे मंडळी नंतर आली.

मीही या खेळात आहे. फ्रीलान्स पत्रकारिता म्हणजे बेडपासून टेबलापर्यंतचा प्रवास सहा पावलांचा. त्यामुळे संध्याकाळ झाली की वेताळ टेकडी गाठायची, हेडफोन लावायचे आणि फोन शाबासकी देईपर्यंत चालायचं. फेब्रुवारीच्या शेवटी टेकडीच्या पायथ्याशी एक पळस फुललेला दिसला. भोवती आठ-दहा जण फोटो काढत होते. एकीने मैत्रिणीला विचारलं, ‘गुलमोहर ना गं हा?’ मी काही बोलले नाही. पण एकटा पळस बघून मलाच चुकल्यासारखं वाटत होतं. लहानपणी पाहिलेले पळस ओळीने उभे असायचे, आणि त्यांच्या खालून एक वाट जायची. होळीला लागून चार दिवस मोकळे काढले आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट बुक केलं.

राणीसावरगाव हे माझं आजोळ. जिल्हा परभणी, तालुका गंगाखेड. गंगाखेड म्हणजे गोदावरीकाठचं, संत जनाबाईंचं गाव. तिथून दक्षिणेला निघालं की सपाट काळी रानं हळूहळू उंचसखल व्हायला लागतात, कारण बालाघाटच्या डोंगररांगा जवळ येतात. काळ्या मातीत मुरूम डोकवायला लागतो, माळ दिसायला लागतात. आम्ही राहायला परभणीत, बाबांची नोकरी तिथे. त्यामुळे होळीचे दोन-तीन दिवस आणि परीक्षा संपली की सगळी सुट्टी, मुक्काम सावरगावलाच. पुण्यातल्या मित्रांना गावाच्या नावातल्या ‘राणी’चं कौतुक. मला त्यातल्या ‘सावर’चं. फाल्गुनात काटेसावर पानं टाकून लालभडक फुलते, आणि पुढे ऊन तापलं की तिची बोंडं फुटून कापूस हवेत तरंगायला लागतो. आजीच्या उशीत तोच कापूस होता.

आधीच एक सांगून टाकते. वसंत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर हिरवळ येत असेल, तर मराठवाड्यात येऊ नका. आमच्याकडे वसंतात जमीन हिरवी नसते. रब्बी निघालेली असते, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडायला लागतात, गवत पिवळं होऊन मोडतं, आणि दुपारी वारा तोंडावर तव्यासारखा लागतो. फुलतं ते सगळं वर, झाडांवर. पळस, सावर, पांगारा, करंज, थोडं पुढे कडुनिंब. खाली रखरखाट आणि वर रंगपंचमी, असा तो मामला. मला हा वसंत काश्मीरच्या ट्युलिपांपेक्षा जास्त आवडतो. मी पक्षपाती आहे, मान्य.

सकाळी सात वाजता बूट घालून ओसरीवर आले, तर मामा गाडीची किल्ली घेऊन उभाच.

‘आगं, चालत कशाला जायलीस? सोडतो की गाडीवर.’

‘चालायलाच आलेय मामा. धुऱ्यानं जाते.’

मामाने मामीकडे बघितलं, मामीने माझ्या बुटांकडे. बाजेवर बसलेली आजी मात्र लगेच सरसावली. ‘जा. वढ्यापाशी जपून. आन् पळस मोजून ये. सात हायत.’

बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. दोन शेतांच्या मधली ती मातीची उंचवट्याची पट्टी. घरापासून आमच्या आखाड्यापर्यंत जायला गाडीरस्ता होता, पण तो लांबचा, वळसा घालून जाणारा. (आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. शेतातल्या गोठ्याला, कोठ्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात. पुण्यात एकदा ‘मामा आखाड्यावर झोपतो’ असं म्हणाले तर रूममेटने मामाचं वजन विचारलं होतं.) जवळची वाट धुऱ्यावरून, पाच जणांच्या शेतांमधून. एका माणसापुरती. समोरून कोणी आलं तर एकाने पिकात उतरायचं, आणि कोणी उतरायचं याचे नियम होते. डोक्यावर ओझं असेल त्याला वाट द्यायची. लहान पोरांनी कायमच उतरायचं.

त्या उतरण्यातच माझं अर्धं लहानपण गेलं. कारण ज्वारीच्या कडेने करडई लावलेली असायची. करडईचे काटे इतके भारी की जनावर आत शिरत नाही, म्हणून पिकाला तिचंच कुंपण. पायाला पन्नास टोचे बसल्याशिवाय शेत यायचं नाही. त्यापुढे ज्वारी, माझ्या डोक्यावरून दोन हात उंच. तिच्या आत उभं राहिलं की वारा दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. फाल्गुनात ती उपटायला आलेली असायची. आमच्याकडे रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण कडबा लांब हवा असतो. बायका-माणसं वाकून उपटत पुढे जायची आणि मागे पेंढ्यांची ओळ पडायची. उपटून उपटून हाताला फोड यायचे. आजीच्या तळव्याला हात लावला तर अजूनही खरखरीत लागतो, सँडपेपरसारखा.

यंदा त्या पाच शेतांमध्ये ज्वारी एकाच ठिकाणी दिसली, तीही चार-सहा तासं, घरच्या खाण्यापुरती. बाकी सगळीकडे हरभरा काढून झालेला, एकीकडे ऊस. खरिपात सगळ्यांचंच सोयाबीन. करडई तर औषधालासुद्धा नाही. कारण साधं आहे. उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि सोयाबीन-हरभऱ्याला मळणीयंत्र आहे. ‘परभणी मोती’ नावाचं ज्वारीचं सुंदर वाण आमच्याच जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठाने काढलेलं, आणि त्याच जिल्ह्यात ज्वारीचं रान शोधावं लागतं. दुसरीकडे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि पुण्यातल्या कॅफेत ज्वारीचा पिझ्झा आला. मी खाल्लाय. भाकरीची सर नाही, पण बिल मात्र पेंढीभर ज्वारीचं असावं तेवढं.

पीक गेलं तशी वाटही बारीक झाली होती. पहिली दोन शेतं ठीक. तिसऱ्या शेतात धुरा नांगरटीने दोन्हीकडून कोरत कोरत इतका आणला होता की एका पावलापुढे दुसरं पाऊल, सर्कशीतल्या दोरीसारखं चालावं लागलं. गवत आणि हेकळाची झुडपं गुडघ्यापर्यंत. मी फोन काढून नकाशा पाहिला. त्यात मी एका करड्या रिकाम्या जागेत निळा ठिपका होऊन उभी होते. पण झुडपांच्या मधून पायाला घट्ट जमीन लागत होती. वर्षानुवर्षं तुडवलेली माती अशी सहज भुसभुशीत होत नाही. डोळ्यांना वाट दिसत नव्हती, तळव्यांना कळत होती. (बूट काढले होते. करडई नाही म्हटल्यावर कसली भीती!)

ओढ्याच्या अलीकडे पळस लागले. पाच. दोन गेलेले, त्यांचे बुंधे जमिनीलगत. उरलेले पाच मात्र असे फुलले होते की खालची मातीसुद्धा केशरी. पळसाची कळी कधी जवळून बघा. देठाकडची वाटी काळपट, मखमली, आणि तिच्यातून बाहेर आलेली पाकळी थेट पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ हे मला कॉलेजात कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं की फूल मागून चोखलं की गोड लागतं, आणि साळुंक्यांनाही ते माहीत आहे. आत्ताही त्यांची वर भांडणं चालली होती. कुठेतरी तांबट पक्षी टुक-टुक-टुक करत होता, न थकता, मेट्रोच्या साइटवरच्या मजुरासारखा.

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही पोरं इथूनच ओंजळी भरून फुलं न्यायचो. आजी रात्री ती गरम पाण्यात टाकून ठेवायची, सकाळी पाणी नारिंगी. उन्हाळ्यात कोवळी रुंद पानं आली की पत्रावळ्या. पळसाला पाने तीनच, तेव्हा तीन-तीनचा हिशेब करत काडीने टाचायच्या. आजीला पळस आवडायचा का? हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. शहरातला प्रश्न आहे तो.

तर ही वाट पाडली कोणी? आजीनेच, आणि तिच्यासारख्या बायकांनी. सकाळी भाकरीचं टोपलं, दुपारी गवताचा भारा, संध्याकाळी सरपण. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या आणि माझ्या फोनने मोजलेली एका बाजूची २,९०० पावलं धरली, तर नुसतं जाणं-येणंच ११,६०० भरतं. मानपो-केई फेल! १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती गेली तेव्हा नवी नवरी होती, आणि कामाकडे जायचा पहिला टप्पा हाच धुरा. पन्नास वर्षांत ती एकदाही इथे ‘फिरायला’ आलेली नाही. फिरायला आलो आम्ही, तिच्या मागे, रिकाम्या हाताने, फुलं चोखत. वाट आयती मिळाली होती.

आता तिकडे कोण जातं? मामा गाडीवर जातो, लांबच्या रस्त्याने. गवत नाही कारण बैल नाहीत. सरपण नाही कारण गॅस आहे. भाकरी डब्यात, मोटारसायकलच्या हँडलला. धुऱ्यावरून जायला कोणाला काही कामच उरलं नाही. आणि ज्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला काम नाही, ती गवताखाली जाते.

इथे मला इंग्लंडची गोष्ट आठवते. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर भागातले काहीशे तरुण कामगार ठरवून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चालत गेले. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण आठवडाभर गिरणीत राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळ्या माळावर चालायचा हक्क हवा, ही मागणी तिथून पेटली, आणि २००० साली तसा कायदाच झाला. म्हणजे नुसतं फिरणं, हेही तिथे काम मानलं गेलं.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? मास कॉममध्ये एक सवय लावली होती, गोष्ट आधी कागदावर शोध. शोधली. महसुली हिशेबात पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट. हा विचित्र अपूर्णांक का, तर गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, आणि त्या ३३ चा पाव हिस्सा सव्वाआठ. मला हे फार आवडलं. गावनकाशात जुन्या वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. पण शेतावर जायच्या धुऱ्यावरच्या वाटा बहुतेक त्यात नसतातच. त्यांच्यासाठी १९६६ च्या जमीन महसूल कायद्याचं कलम १४३ आहे. शेत असेल आणि जायला वाट नसेल, तर तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतो. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. दोन्हीकडे अट एकच, पलीकडे तुमचं शेत पाहिजे. नुसतेच पळस बघायला जाणारीसाठी कलम नाही. आणि खरं सांगायचं तर नसावंही, असं मला तिथे धुऱ्यावर उभं राहून वाटलं. ज्याच्या रानातून मी चालले होते, त्याने मला ओळख ना पाळख असताना लांबूनच हाक मारली, ‘कोनाची गं तू?’ मी आजोबांचं नाव सांगितलं. ‘मग जा,’ म्हणाला. एवढा सोपा व्हिसा मला आजवर कुठे मिळालेला नाही.

आखाड्यावर पोचले तर मामा आधीच पोचलेला, आणि धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारलेल्या. मला वाटलं होळीचं काहीतरी. मामा म्हणाला, ‘रस्ता व्हायलाय.’

मग सगळं कळलं. पाचही शेतकऱ्यांनी मिळून, दोन्हीकडून थोडी थोडी जमीन सोडून, धुऱ्याचा रस्ता करायचं ठरवलंय. मे २०२५ मध्ये सरकारने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद करायला आणि त्यांची सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद घ्यायला सांगितलं, तेव्हापासून बोलणी सुरू झाली होती. चार जण लगेच तयार, पाचव्याने वर्ष काढलं. आता मुरूम पडणार. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, उसाची गाडी थेट रानात. सध्या उसाची मोळी डोक्यावर वाहून लांबच्या रस्त्यापर्यंत आणावी लागते, आणि त्याचे पैसे वेगळे. पाऊस लागला की काळ्या मातीत ट्रॅक्टर तर सोडाच, माणूसही घोट्यापर्यंत जातो.

‘आणि पळस?’

‘रेघंच्या आत येत्यात तीन. एक बघू वाचला तर.’

मी काही बोलणार होते. पण माझ्याही डोळ्यासमोर दोन वर्षांपूर्वीचा श्रावण होता. आजी हट्टाने शेतात आली होती आणि ओढ्यापाशी घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गाडी येऊ शकत नव्हती. चार जणांनी तिला बाजेवर घालून याच धुऱ्यावरून आणलं, चिखलातून, दर वीस पावलांवर बाज खाली ठेवत. पाऊण तास. मी पुण्यात होते, फोनवर. मला फक्त तिचं कण्हणं आणि मामाचं ‘हळू, हळू’ ऐकू येत होतं. एका माणसापुरती वाट किती रोमँटिक असते, हे आडवं होऊन जाणाऱ्या माणसाला विचारावं.

तेव्हा, रस्ता व्हावा. मी रस्त्याच्या बाजूने आहे. आणि पळस जाणार म्हणून मला वाईट वाटतं, ते वाटतंच. या दोन्हींची बेरीज मला करता येत नाही, आणि करायचीही नाही. मामाला एवढंच म्हटलं की रस्ता ओढ्याकडे जरा सरकवला तर? तो म्हणाला, सरकवला तर पाचव्याची जमीन जास्त जाती, आणि तो पुन्हा वर्ष काढंल. सरकारी अधिकाऱ्यांच्या पत्रकार परिषदांत मला इतकं सरळ उत्तर क्वचित मिळतं.

घरी आल्यावर आजीने विचारलं, ‘किती?’

‘पाच,’ मी म्हणाले. ‘आणि त्यातले तीन रस्त्यात जाणारेत.’

मामीने डोळे मोठे केले. हे आजीला सांगायचं नाही असं घरात ठरलेलं होतं बहुतेक. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘जाऊ दे. पळस कुठं बी उगवतंय. रस्ता उगवत नाही.’ आणि लगेच, ‘शेंगा आल्या की बी आनून ठेव रे,’ असं मामाला फर्मान.

लहानपणीच्या बाकी वाटांचं काय झालं, तर सांगण्यासारखं फार नाही. देवीच्या देवळाकडे जायचं ते आता पेव्हिंग ब्लॉकवरून, त्यामुळे अनवाणी पोरं उन्हात नाचत पळतात, तेवढी गंमत. विहिरीची वाट बंद, घरात नळ आलाय, आणि नळ येऊनही ज्यांना विहिरीची आठवण येते त्यांनी घागर कधी उचललेली नसते. माळावरची एक वाट मात्र जशीच्या तशी सापडली. शेळ्या अजून तिकडेच जातात. तिथे संध्याकाळी एक अख्खी काटेसावर एकटीने बघून आले, फोन न काढता. हो, जमतं.

निघताना मामीने पिशवीत ज्वारीचं पीठ दिलं, चिंचेचा गोळा दिला, आणि वर कागदात बांधून पळसाची वाळलेली फुलं. मामा गाडी चालू करत म्हणाला, ‘पावसाच्या आत मुरूम पडंल. दिवाळीला आलीस की गाडी डायरेक्ट आखाड्यावर.’

‘मी चालतच जाईन,’ मी म्हणाले.

मामी हसली. ‘जा की. तुला काय, रिकामी हायस.’